गाडीचा वर्षावास

१९८१ सालच्या आषाढ पौर्णिमेला आमच्या घरची गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवण्यात आली. चाकं काढून ओट्यावर एकावर एक रचली गेली, बॅटरी सोडवून आतल्या खोलीत पाटावर ठेवली गेली, आणि वडिलांनी अंगणात उभं राहून सांगितलं की आश्विन पौर्णिमेपर्यंत गाडी रस्त्यावर येणार नाही. त्याच वर्षी भाद्रपदात माझी काकू वारली.

या दोन वाक्यांच्या मध्ये जे घडलं त्यातलं काही मी पाहिलं. काही नंतर आईनं सांगितलं, थोडं काकानं. तिन्ही शक्यतो वेगवेगळं ठेवते.

आषाढ पौर्णिमेपासून विहारात वर्षावास सुरू होतो. भोंग्यावरून सूचना दिली जाते: आजपासून रोज सायंकाळी ग्रंथवाचन होईल, उपासक-उपासिकांनी वेळेवर उपस्थित राहावे. पांढरी लुगडी नेसलेल्या बायका छत्र्या सावरत चिखलातून विटांवर पाय देत जातात. यंदाही सूचना झाली. शब्द तेच होते, आवाज नव्या मुलाचा होता. ती ऐकली की मला जळक्या इंजिन ऑइलचा वास येतो. आसपास तसं काहीही नसताना येतो.

आमची कॉलनी नाशिकरोडहून देवळाली कॅम्पाकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. बहुतेक घरं कारकुनांची, शिक्षकांची, कामगारांची. आमच्या घरात दोन भाऊ एकत्र राहत. वडील जिल्ह्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक. त्यांचा धाकटा भाऊ, सुदामकाका, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला. सारी नोकरी ट्रकच्या स्टेअरिंगवर गेली. काकाची बायको शेवंताकाकू घोटीकडची. लग्नाआधी ती भाताच्या गिरणीत कोंडा उपसायला जायची. तिचा दमा तिथूनच आला असं घरात सगळे मानत. डॉक्टरांनी तसं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

पावसाळा लागला की तिचा श्वास बारीक व्हायचा. कॉलनीतले डॉक्टर एक इंजेक्शन देत आणि म्हणत, याच्यावर माझ्याकडे काही नाही, नाशिकला मोठ्या दवाखान्यात न्या, तिथे ऑक्सिजन आहे. एका पावसाळ्यात तिला टांग्यातून न्यावं लागलं. काका टांग्यात तिला पाठीमागून धरून बसला होता, आणि टांगेवाला घोड्याला मारत नव्हता, कारण घोडं घसरत होतं. पोचले, ती वाचली. दवाखान्यातून परत आल्यावर काका वडिलांना म्हणाला, "दादा, घरात चाकं पाहिजेत." वडील म्हणाले, "पाहिजेत."

एवढ्याच बोलण्यावर ठरलं. पण घ्यायची कोणती, यावर पुढे वर्षभर बोलणं चाललं. काकाला जीप हवी होती. वडील म्हणाले, जीपला दारं नसतात, पेशंटला पावसात भिजवत न्यायचं का. वडिलांना घरातल्या सगळ्यांना एकदम बसता येईल, मागे सामान राहील, गावी जाता येईल आणि वेळ आलीच तर एका माणसाला आडवं नेता येईल, अशी गाडी हवी होती. आणि ती टिकाऊ हवी होती. ते म्हणत, "मला माझ्या आयुष्यात दुसरी घ्यायची नाही."

देवळाली कॅम्पात एक मेजरसाहेब निवृत्त होऊन पंजाबात परत चालले होते. त्यांच्याकडे अशी गाडी होती: पुढे सलग सीट, गिअर स्टेअरिंगला, पाठ लांब, आणि मागचं दार अख्खं उघडणारं. १९७९ च्या दिवाळीनंतर एका सकाळी आम्ही सगळे ती पाहायला गेलो. बंगल्यासमोर निलगिरीची झाडं होती. काका जाताच गाडीखाली शिरला. त्याचे फक्त बूट दिसत होते, आणि आतून स्क्रू-ड्रायव्हरनं चासीवर ठोकल्याचा आवाज येत होता. वडिलांनी शाळेच्या प्रयोगशाळेतला नालाच्या आकाराचा लोहचुंबक खिशातून काढला आणि दारांवरून, मडगार्डवरून हळूहळू फिरवायला लागले. चुंबक चिकटला तर खाली पत्रा शाबूत. सुटला तर पत्रा कुठेतरी ठोकलेला, वर लांबीचा लेप भरून रंग दिलेला.

मेमसाहेब व्हरांड्यातून बघत होत्या. "मास्टरजी, बुखार देख रहे हैं क्या?"

मेजरसाहेब हसले. काकाला म्हणाले, "हवालदार, ये गाडी नहीं, घर का आदमी है."

गाडीखालून काकाचा आवाज आला, "साब, घर का आदमी भी बीमार पडता है. ब्रेक-पाइप बदलना पडेगा."

वडिलांनी मागची सीट पाडून दाखवली. तिथे सपाट, लांब जागा झाली. ते काकूला म्हणाले, "शेवंता, हे बघ, इथे तुला आरामात झोपवून नेता येईल."

काकू त्या जागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, दमेकरी माणूस आडवं झालं म्हंजी गेलंच म्हना. मला बसवून न्या. खिडकीपाशी. काच खाली व्हती का तेवढं बगा." ती मागच्या सीटवर जाऊन बसली, हँडल फिरवलं, काच खाली गेली. तिनं तोंड बाहेर काढून श्वास घेतला आणि म्हणाली, "व्हती. घ्या."

सगळे हसले. मेमसाहेबांना कुणीतरी हिंदीत सांगितलं, मग त्याही हसल्या.

कॉलनीतल्या बायकांनी तिचं नाव लांबडी ठेवलं. पहिल्या रविवारी आम्ही गावी गेलो. त्या गावात माझ्या आजोबांना वेशीपाशी बैलगाडीतून उतरून चालत जावं लागत असे. बैलगाडी मागून रिकामी यायची. वडिलांनी हे आम्हाला कधी सविस्तर सांगितलं नाही. त्या दिवशी वेशीपाशी काकानं गिअर बदलायला गाडी हळू केली, तेव्हा वडील समोर बघत म्हणाले, "सुदाम, थांबू नकोस." गाडी सरळ समाजमंदिरापर्यंत गेली. घरी आल्यावर वडिलांनी अंधार पडेपर्यंत ओल्या फडक्यानं गाडीवरची धूळ पुसली.

त्यांची गाडीची काळजी तेव्हापासून वेगळीच झाली. इंजिनचं पाणी बघणं, ऑइलची कांडी पुसून परत घालून बघणं, बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावणं, हे काका शिकवत होता आणि वडील शिकत होते. पण गाडीत चप्पल घालून चढायचं नाही, दार आपटायचं नाही, काचेला तेलकट डोकं टेकवायचं नाही, हे नियम वडिलांचे. काका चिडवायचा, "दादा, गाडीये ती. शाळा नाय." वडील म्हणत, "आपल्या हातात आली आणि आपण खराब केली, असं कुणी म्हणता कामा नये." हे कुणी कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

१९८० च्या श्रावणात गाडी ज्यासाठी आणली होती ते काम तिनं केलं. दुपारची वेळ होती. काकू दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर करून बसली होती, आणि तिच्या छातीतून भात्यासारखा आवाज येत होता. काकानं चोक ओढला, सेल्फ मारला, गाडी लगेच सुरू झाली. मी मागे तिच्याशेजारी बसले होते. खिडकी पूर्ण खाली होती, पाऊस सरळ आत येत होता, आणि ती ओल्या तोंडानं बाहेरची हवा ओढत होती. नाशिकच्या द्वारका चौकात बैलगाड्यांची रांग आडवी आली. काकानं भोंग्यावर धरलेला हात काढलाच नाही. दवाखान्यात ऑक्सिजन लागला, शिरेतून इंजेक्शन गेलं, संध्याकाळपर्यंत ती वाक्यं पूर्ण करायला लागली. तिचं पहिलं पूर्ण वाक्य होतं, "काच वर केली का? शीट भिजंल."

दसऱ्याच्या सुट्टीत गाडी धुताना वडिलांना मागच्या दाराच्या खालच्या कडेला गंज दिसला. रंग फुगला होता. नखानं दाबला तर आतून तांबडी पूड आली. मग त्यांनी काकाला खाली शिरायला सांगितलं. मागच्या सीटच्या पायाशी, तळाच्या पत्र्यालाही गंज धरला होता. उघड्या खिडकीतून आलेलं पाणी तिथेच साचलं होतं.

त्यानंतरचे कित्येक रविवार वडील गोणपाट अंथरून गाडीमागे बसलेले मला दिसतात. पॉलिश पेपरचा खरखर आवाज, मग रेड ऑक्साइडचा उग्र वास, मग पुन्हा खरखर. काकू चहा घेऊन जायची आणि तिथेच उभी राहायची. तांबडी पूड गोणपाटावर पडत असायची. एकदा तिनं विचारलं, "हे मला नेलं त्याच टायमाचं का?"

वडील म्हणाले, "पावसाचं आहे."

चहा ठेवून ती आत गेली. वडिलांनी मान वर केली नाही. त्यांनी तिला दोष दिला नव्हता, हे मी तिथे होते म्हणून सांगू शकते. तिनं तो घेतला, हे नंतर कळलं.

पुढच्या ज्येष्ठात वडिलांनी ती कल्पना मांडली. ओट्यावर संध्याकाळी बसलो होतो. ते म्हणाले, "पूर्वी पावसाळ्यात भिक्खू प्रवास करत नसत. तीन महिने एका जागी. वाटेवर कोवळं गवत असतं, किडामुंगी असते, पायाखाली जायला नको, म्हणून. आपणही गाडीला वर्षावास देऊ. तीन महिने सांभाळली तर बाकीचे नऊ महिने ती आपल्याला सांभाळेल. अशी वीस-पंचवीस वर्षं जाईल."

काका म्हणाला, "आणि हिला त्रास झाला तर?"

"चाकं लावायला किती वेळ लागतो?"

काकाचा फौजी अभिमान जागा झाला. "चार चाकं? जॅक हाताशी असला तर अर्धा तास. दादा, मी बर्फात लावलीत."

"मग करून दाखव."

आणि त्यानं दाखवलं. दुसऱ्या रविवारी सकाळी गाडी ठोकळ्यांवर चढवून, चाकं ओट्यावर ठेवून, काका बनियनवर तयार उभा राहिला. वडिलांच्या हातात घड्याळ. अख्खी कॉलनी कुंपणाशी गोळा झाली होती. समोरच्या घरातले बबनराव, ज्यांचा दुधाचा टेम्पो होता, ते ओरडले, "हवालदार, लढाई सुरू झाली का?"

"झाली!" काका म्हणाला. "तुमी दुधात पानी घाला, आमी बॉर्डर बगतो!"

जमीन टणक होती. जॅक खटाखट वर जात होता. आई बॅटरी घेऊन धावली, मी पाना दिला, काकू पायरीवर बसून हसत होती आणि हसता हसता खोकत होती. गाडी सुरू झाली तेव्हा अर्ध्या तासाला अजून काही मिनिटं होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी घड्याळ खिशात ठेवलं. त्या सकाळी घरातल्या कुणाच्याही मनात शंका उरली नाही. माझ्याही नाही.

आषाढ पौर्णिमेच्या सकाळी तयारी झाली. वडिलांनी एका द्राक्षबागवाल्या पालकाकडून औषध मारायचा पाठीवरचा पंप आणला होता. त्यात जळकं ऑइल भरून काकानं गाडीखालचा सगळा तळ फवारून काढला. काळं तेल थेंबाथेंबानं जमिनीवर गळत राहिलं. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून काकूनं इंजिनवर कडुनिंबाचा पाला आणि तंबाखूची पानं पसरली. कॅम्पाच्या बाजारातली जुनी ताडपत्री तिनंच दाभणानं शिवून गाडीच्या मापाची केली होती. ती घातल्यावर तिनं सगळीकडून फिरून दोऱ्या ताणून बांधल्या. वडिलांनी बांधलेली एक गाठ सोडून तिनं परत बांधली. "अशी नाय बांधायची. वारं शिरतंय," ती म्हणाली. संध्याकाळी ती पांढरं लुगडं नेसून आईबरोबर विहारात गेली.

श्रावणातलं मला आठवतं ते बहुतेक आवाजांचं आहे. ताडपत्रीवर पडणारा पाऊस कौलांवरच्या पावसापेक्षा वेगळा, जाड वाजतो. विहारातलं वाचन हवेबरोबर कमीजास्त ऐकू यायचं. आणि स्टोव्ह. आमच्या स्वयंपाकघरात पितळी पंपाचा स्टोव्ह होता. तो पेटला की त्याच्या भरभर आवाजात शेजारचं बोलणं ऐकू येत नसे. त्या महिन्यात काकू सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक मागून घ्यायची. "आक्का, तुमी बसा," ती आईला म्हणायची. विहारात जाणं तिनं बंद केलं होतं. विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायची. रात्री ती गुंडाळलेल्या गादीला टेकून बसून झोपत होती. ते नवं नव्हतं, पावसाळ्यात ती तशीच झोपायची.

भाद्रपद लागताना आईच्या लक्षात आलं की रॉकेल संपलंय. रेशनचं महिन्याचं रॉकेल इतक्या लवकर कधी संपत नसे. तिनं विचारलं तेव्हा काकू म्हणाली, "आवो, बर्नरचं भोक मोठं झालंया." हे आईनं मला फार नंतर सांगितलं. तिला उलगडा झाला तो काकू गेल्यावर. भाकरी झाल्यानंतरही स्टोव्ह चालू असायचा. तो चालू असताना काकूच्या छातीची घरघर ऐकू येत नसे.

ती किती दिवस लपवत होती ते नक्की सांगता येत नाही. कॉलनीतल्या डॉक्टरांकडे ती त्या पावसाळ्यात एकदाही गेली नव्हती, एवढं त्यांनी स्वतः सांगितलं. शेजारच्या एका बाईला ती म्हणाली होती, "माज्यापायी आनली गाडी, माज्यापायी सडायला नको. आश्विनाची पुनव होऊ दे, मग बगू." त्या बाईनं हे आम्हाला सुतकात सांगितलं. ती रडत सांगत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, मला वाटलं ती गंमत करतेय.

ज्या दिवशी घडलं तो शनिवार होता, सकाळची शाळा आटोपून वडील नुकतेच घरी आले होते. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. स्टोव्ह बंद होता आणि स्वयंपाकघरातून आवाज येत होता. आई आत गेली आणि तिनं काकाला हाक मारली. काकू भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळसर झाले होते. काका एकदाच तिच्याकडे बघून सरळ अंगणात धावला आणि ताडपत्रीच्या दोऱ्या ओढायला लागला. गाठी भिजून आवळल्या होत्या. त्यानं विळ्यानं त्या कापल्या.

काकूनं हात हलवला. ती एकेक शब्द वेगळा बोलत होती. "चाकं... नका लावू. एवढं... काय नाय मला."

आई म्हणाली, "गप बस शेवंता."

"पाऊस... हाय," ती म्हणाली.

जॅक लावला तो जमिनीत गेला. ज्येष्ठात जिथे टणक माती होती तिथे आता काळा चिखल होता आणि वरून गळालेलं तेल होतं. काकानं जॅक काढला, खाली फळी घातली, फळीसकट तो पुन्हा कलला. वडील चाक हातात धरून उभे होते. कुणीतरी दगड आणले, कुणीतरी दुसरी फळी. एक चाक बसलं. दुसरं बसवताना गाडी ठोकळ्यावरून सरकली, आणि काका ओरडला, "दादा, मागं व्हा!" ते मागे झाले. गाडी कलंडून राहिली.

तेवढ्यात आईनं बबनरावांना बोलावून आणलं होतं. टेम्पो दारात उभा राहिला. दुधाचे कॅन भराभर रस्त्यावर उतरवले. काकूला उचलून मागच्या हौद्यात बसवलं. वर ताडपत्री नव्हती. आईनं तिच्यावर छत्री धरली, काका तिला पाठीमागून धरून बसला. बबनराव म्हणाले, "हवालदार, घट्ट धरा, मी थांबत नाय कुठं," आणि टेम्पो गेला.

वडील अंगणात राहिले. मीही राहिले. वाकून त्यांनी जॅक उचलला. कॉलनीतली माणसं आली, गाडी खांद्यानं उचलून धरली, चाकं बसली. बॅटरी आणून जोडली, पण तिच्यात दम नव्हता. वडिलांनी पुढून हँडल घालून फिरवलं. हे त्यांनी पूर्वी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. हँडल दोनदा उलटं आलं, तिसऱ्यांदा इंजिन लागलं. कडुनिंबाचा करपलेला धूर निघाला. त्यांना गाडी चालवता येत होती, पण ते काकाशिवाय कधी हमरस्त्यावर गेले नव्हते. त्या दिवशी ते नाशिकपर्यंत गेले. मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी वाटेत एकच वाक्य उच्चारलं. "काच खाली कर, वाफ धरतेय."

दवाखान्याच्या पोर्चमध्ये काका उभा होता. कपडे ओले. त्यानं गाडीकडे पाहिलं, मग वडिलांकडे. वडिलांचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"आलास दादा?" तो म्हणाला. एरवी तो त्यांना अहो-जाहो करायचा. "बरं झालं. तिला घरी न्यावी लागंल."

डॉक्टरांनी काकाला सांगितलं होतं की आणली तेव्हा फार उशीर झाला होता. किती लवकर आणली असती तर वाचली असती, हे काकानं विचारलं नाही. पुढेही कुणी विचारलं नाही. चाकं वेळेवर लागली असती तर काय झालं असतं, किंवा ती आठ दिवस आधी बोलली असती तर, याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्या काळी घरातल्या प्रत्येकाकडे आपापलं होतं असं दिसतं.

मागची सीट पाडली. त्या सपाट जागेवर तिला ठेवलं. काकानं गाडी चालवली, अगदी हळू. वडील मागे तिच्याशेजारी, पाय दुमडून बसले. चिखलाच्या चपला त्यांनी काढल्या नाहीत.

आश्विन पौर्णिमेला विहारात वर्षावासाची सांगता झाली. आम्ही गेलो. वडील शेवटच्या रांगेत बसले आणि सगळे उठल्यावर उठले. थंडीत चारही लाकडी ठोकळे एकेक करून पाणी तापवायच्या बंबात गेले. ते वडिलांनीच फोडले. ओलं, तेल मुरलेलं लाकूड होतं, धूर फार झाला.

ताडपत्रीखाली ओल कोंडली होती, हे नंतर दिसलं. छताच्या पन्हाळीला दोन्ही बाजूंनी गंज लागला होता. उघड्यावर भिजून लागला असता त्याहून कमी की जास्त, हे सांगता येण्यासारखं नव्हतं. काका म्हणाला, "झाकून ठेवलेलं लोखंड लवकर सडतं." वडील म्हणाले, "हं."

पुढच्या आषाढात कुणी काही जाहीर केलं नाही. काकानं गाडी मागे घेऊन, तोंड रस्त्याकडे करून उभी केली. किल्ली दाराबाहेरच्या खिळ्याला लावली. तिथपर्यंत कुणाचाही हात पोचत होता. पहिल्याच महिन्यात ती किल्ली निघाली, समोरच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याला लघवी अडली म्हणून. मग एकीला बाळंतपणाला, मग कुणाचा पाय मोडला म्हणून, मग नुसतंच वणीला देवीला जाणाऱ्यांची बस चुकली म्हणून. काका कुणाला नाही म्हणाला नाही. वडील शेवटच्या प्रसंगी थोडं कुरकुरले. "देवीला पावसात कशाला?" काका म्हणाला, "दादा, तुमी मानत नाय, ते मानतात. बसची चूक हाय, देवीची नाय." वडिलांना हसू आलं. ते त्या वर्षातलं पहिलं असावं.

गाडीत चप्पल घालून चढायला आता बंदी नव्हती. मागच्या खिडकीची काच पावसातही अर्धी खाली असे. ती कुणी वर करत नव्हतं. मग तिची पट्टी अडकली आणि ती करताही येईना. दर दिवाळीला वडील गोणपाट अंथरून गाडीमागे बसत, गंज खरवडत, तळाला पत्र्याचा तुकडा जोडून घेत. तुकड्याला तुकडा लागत गेला. इंजिनवर काकाचा हात होता, त्यामुळे ते चांगलं राहिलं. तळ मात्र दर पावसाळ्यात थोडा थोडा जात होता. एका वर्षी मागे बसलं की पायांखाली फटीतून रस्ता पळताना दिसायला लागला. वडिलांनी तिथे एक फळी टाकली आणि बसणाऱ्यांना सांगायला लागले, "पाय फळीवर ठेवा."

एकदा मी त्यांना म्हणाले, "तुम्हाला ही पंचवीस वर्षं टिकवायची होती." ते पॉलिश पेपर घडी करत होते. म्हणाले, "टिकवायची होती." मग, जणू वेगळ्याच विषयावर, म्हणाले, "भिक्खू एका जागी राहत, ते दुसऱ्याचा जीव जाऊ नये म्हणून. मी उलटं वाचलं."



१९८८ च्या भाद्रपदात मिस्त्रीनं सांगितलं की आता तुकडा जोडायलाही कड उरली नाही. सीट कधी खाली जाईल सांगता येत नाही. माणसं बसवू नका. वडिलांनी आणि काकानं एका सकाळी ओट्यावर बसून ठरवलं. भंगारवाला ट्रक घेऊन येतो म्हणाला होता. काकानं नको सांगितलं.

त्यानं चोक ओढला आणि सेल्फ मारला. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. वडील पुढे त्याच्या शेजारी बसले. दोघांनी गाडी भंगार बाजारापर्यंत स्वतः चालवत नेली. वाटेत पाऊस होता.